पावसाचं पाणी पंधरा दिवस, मोरीचं वर्षभर

२०१९च्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत रोज दोन टँकर येत होते, दहा-दहा हजार लिटरचे. पहिला पहाटे पाचला यायचा. त्याचा रिव्हर्स हॉर्न वाजला की मला जाग यायची आणि मी पडल्या पडल्या हिशेब करायची : आजचे दोन, कालचे दोन, महिन्याचे साठ. आदल्या वर्षी पाऊस लवकर आवरला होता. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही पुण्याला पाणी पाजणारी चारही धरणं तळाकडे चालली होती. आमची इमारत धनकवडीच्या चढावर, म्हणजे पाइपलाइनच्या शेपटाला. महापालिकेचं पाणी यायचं, पण टाकीत पडणारी धार करंगळीएवढी.

त्याच एप्रिलमध्ये मी सोसायटीची सेक्रेटरी झाले होते. नोकरी बँकेतली, त्यामुळे पहिलं काम सुचलं ते मोजणीचं. आपण रोज नेमकं किती पाणी वापरतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. एका रविवारी सकाळी सहाला वॉचमनकाकांना सांगून जमिनीखालच्या टाकीत येणारं सगळं पाणी बंद केलं. टाकी आतून पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरलं की दीडशे लिटर गेले. बांबूला शिंप्याची टेप चिकटवून आत सोडली, गच्चीवरच्या टाक्या त्या वेळी काठोकाठ होत्या, दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा काठोकाठ भरून घेतल्या आणि बांबू परत बुडवला. दीडशे सेंटिमीटर. साडेबावीस हजार लिटर. दोन विंग, चाळीस फ्लॅट, माणसं एकशे बावन्न. माणशी १४८ लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर लागतात असं आपल्याकडचं मानक धरतं आणि त्यातले ४५ नुसते फ्लशला. टंचाईतसुद्धा आम्ही त्या आकड्याच्या वरच होतो.

मग गच्ची मोजली. दोन्ही विंगची मिळून ६२० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, एवढं शाळेतलं गणित पुरतं. पुण्याचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर धरला, उडून जाणारं आणि गच्चीत मुरणारं पाचवा हिस्सा वजा केलं, तर वर्षाला सुमारे साडेतीन लाख लिटर. आकडा पाहून मी हरखले. मग त्याला साडेबावीस हजारांनी भागलं. पंधरा दिवस. अख्ख्या पावसाळ्याचा थेंबन् थेंब धरला तरी आमच्या इमारतीला तो पंधरा दिवस पुरणार होता.

हा भागाकार मी सभेत जसाच्या तसा मांडला. दोघा-तिघांनी विचारलं, मग करायचं कशाला? प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं होतं की हे पंधरा दिवस टँकरच्या भाषेत पस्तीस फेऱ्या होतात, आणि आमची एकुलती चालू बोअर मार्चमध्ये दम तोडते ती कदाचित एप्रिलपर्यंत खेचेल. जून तीन आठवड्यांवर आला होता. ठराव झाला.

इमारतीत पर्जन्यसंधारण आधीपासून होतं, म्हणजे कागदावर होतं. १९९८च्या इमारतीला मागून कधीतरी ते जोडलेलं. गच्चीवरून उतरणाऱ्या एका पाइपाला पांढऱ्या रंगानं ‘रेन वॉटर’ लिहिलेलं. आम्ही तो पाइप जिथं जमिनीत जात होता तिथं खणलं. दोन फुटांवर पाइप संपला. खाली थोडी वाळू, वाळूखाली विटांचा राडारोडा, आणि त्याखाली घट्ट मुरूम. इतक्या वर्षांचं पाणी तिथं साचून पार्किंगच्या फरशीखालून बाहेर गटारात गेलं होतं. पावसाळ्यात त्या कोपऱ्यातल्या फरश्या का उचलल्या जातात, ह्याचं उत्तरही तिथंच मिळालं.

आमच्याकडे बोअर दोन. एक दोनशे फुटांची, थोडंफार पाणी देणारी. दुसरी तीनशे फुटांची, कोरडी गेलेली. जो ठेकेदार पाहणीला आला त्यानं सांगितलं, कोरडी तशीही वाया गेलीय, तिच्यातच पावसाचं पाणी सोडू. सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. अडवलं ते आमच्या प्लंबरदादांनी. ते मूळचे बारामतीकडचे, विहिरी-बोअरमध्ये वाढलेले. म्हणाले, “ताई, जी बोअर पाणी देत नाही ती पाणी घेईल कशी? आत फटच नसंल तर?”

पुण्याच्या खाली काळा पाषाण आहे. वाळूसारखा तो पाणी शोषत नाही. पाणी असतं ते भेगांत, सांध्यांत आणि वरच्या कुजक्या मुरमात. माझी नणंद चेन्नईला असते. तमिळनाडूनं २००३ मध्ये सगळ्याच इमारतींना पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं केलं, आणि त्यानंतर त्यांच्या विहिरीचं पाणी कसं वर आलं ते ती मला फोनवर कौतुकानं सांगायची. पण तिच्या घराखाली वाळू आहे. तिचा खड्डा आमच्या अंगणात उचलून आणता येत नाही.

म्हणून एक टँकर खास मागवला, तो भर टंचाईत, आणि त्यावरून बोलणीही खाल्ली. आधी कोरड्या बोअरमध्ये पाणी सोडलं. दोन हजार लिटरच्या आसपास गेलं आणि बोअर तोंडापर्यंत भरून वाहायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीला दगड बांधून पाहिलं तर पाणी आठ फूट उतरलं होतं. नुसती नळी भरली होती, जमिनीनं काही घेतलं नव्हतं. उरलेलं आठ हजार चालू बोअरमध्ये सोडलं होतं. तिथली पातळी वर चढली, आणि पाऊण तासात जिथल्या तिथं आली. हे पाहताना प्लंबरदादांनी टॉर्च बोअरच्या तोंडावर धरला होता आणि आम्ही सातआठ जण वाकून त्या काळ्या भोकात बघत होतो. पाणी चाललेलं दिसत नाही. फक्त टॉर्चचा गोल खाली खाली सरकतो. एका टँकरचे पैसे त्या दिवशी सत्कारणी लागले. ज्यांच्या डोक्यात हे काम आहे त्यांना मी पहिलं हेच सांगते : खड्डा कुठं घ्यायचा हे नकाशावर ठरवू नका, पाणी ओतून ठरवा.

चालू बोअरमध्ये पाणी सोडायचं म्हणजे ते स्वच्छच असायला हवं, कारण तेच पाणी पुन्हा वर ओढायचं. गच्चीवर कबुतरं होती, आणि कबुतरांना रोज ज्वारी टाकणारे एक काका होते. त्यांच्याशी बोलायला मला तीन संध्याकाळी लागल्या. ते चिडले नाहीत, पण त्यांना वाईट वाटलं, आणि त्यांचं वाईट वाटणं खरं होतं. दाणे आता ते टेकडीवर नेऊन टाकतात. गच्ची घासून धुतली, पाइपाच्या तोंडांना जाळ्या लावल्या. प्रत्येक विंगच्या पाइपाला खाली एक वळणाचा व्हॉल्व्ह : मोसमातली पहिली एक-दोन पावसं थेट गटारात, नंतरही मोठ्या उघडीपीनंतरच्या पावसाची पहिली दहा मिनिटं बाहेर. मग पाणी दहा हजार लिटरच्या टाकीत. ते जिने धुवायला, गाड्या पुसायला. टाकी भरली की वाहून जाणारं पाणी खड्ड्यात, खड्ड्यात खालून वर जाड खडी, बारीक खडी, वाळू, आणि त्यातून निवळून बोअरच्या केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या, भोकं पाडलेल्या नळीत. सगळं मिळून एक लाख चाळीस हजार खर्च आला. गांडूळखताचा खड्डा आमच्याकडे आधीच होता; दोन्ही प्रकल्प चालू असल्यानं महापालिकेच्या सर्वसाधारण करात दहा टक्के सवलत मिळाली, ती दरवर्षी मिळते.

जून-जुलै-ऑगस्ट छान गेले. मग २५ सप्टेंबरची रात्र आली. कात्रजच्या डोंगरावर आणि आमच्यावर जो पाऊस कोसळला तो ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, माणसं गेली. आमच्याकडे तशी इजा झाली नाही, पण पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होतं, आणि आमच्या खड्ड्याचं झाकण जमिनीच्या पातळीला. ठेकेदारानं ते गाडी जाईल अशा बेतानं सपाट केलं होतं आणि आम्ही कुणी त्याला हरकत घेतली नव्हती. पार्किंगचा चिखल, गाड्यांचं तेल, शेजारच्या प्लॉटची माती असं सगळं त्या झाकणातून आत गेलं. दुसऱ्या दिवशी बोअरच्या पंपानं चहासारखं पाणी ओढलं. दहा दिवस पंप चालवून ते पाणी बाहेर सोडावं लागलं. खड्डा पूर्ण उपसला, खडी धुतली, वाळू टाकून दिली. आता त्याला दीड फुटाचा विटांचा कठडा आहे आणि झाकण त्या कठड्यावर. माझ्या मते अख्ख्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग तो कठडा आहे, आणि तो आम्हाला एका भीषण रात्रीनंतर सुचला.

पुढच्या मार्चमध्ये बोअर आटली नाही. एप्रिल संपता संपता आटली. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, आधी ७८० असायचा, पावसाळ्यानंतर ४३० झाला. पिण्याच्या पाण्याला ५००पर्यंत ठीक मानतात. आम्ही बोअर पीत नाही, पण नळांवरचा पांढरा थर कमी झाला, हे घराघरांतल्या बायकांनी आपण होऊन सांगितलं.

पण तो पंधराचा आकडा माझ्या मनातून जात नव्हता. करोनाच्या काळात सगळे घरात, पाण्याचा वापर वाढलेला, आणि मी वहीत दुसरा हिशेब मांडून बसले. माणशी ४५ लिटर फ्लशला, एकशे बावन्न माणसं, तीनशे पासष्ट दिवस. पंचवीस लाख लिटर. पावसातून मिळणाऱ्या पाण्याच्या सातपट पाणी आम्ही संडासात ओतत होतो, आणि ते बरंचसं पानशेत-वरसगावहून आलेलं, शुद्ध करून, क्लोरीन घालून, चढावर पंपानं चढवलेलं पिण्याचं पाणी होतं. तेवढंच पाणी अंघोळीचं आणि धुण्याचं म्हणून पलीकडच्या पाइपानं गटारात जात होतं. रोज. पाऊस असो नसो.

माझ्या आजोळी, संगमेश्वराकडे, न्हाणीघराच्या मागं अळूचा वाफा असायचा आणि त्याच्या पुढं केळी. अंघोळीचं पाणी भिंतीतल्या भोकातून थेट अळवात. त्या अळूला कुणी वेगळं पाणी घातलेलं मला आठवत नाही. पावसाळ्यात पागोळ्यांखाली हंडे-कळशा मांडलेल्या असायच्या, तेही धुण्याभांड्याला. एकाच घरात तीन-चार तऱ्हेची पाणी, आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं. आज आमच्या इमारतीत एकच टाकी, एकच पाइप, आणि वरणाला, अंघोळीला, संडासाला तेच पाणी. पाणी कमी पडतं ह्याचं मूळ मला ह्या एका पाइपात दिसायला लागलं.

२०२२च्या दिवाळीनंतर आम्ही फक्त ब विंगचं काम घ्यायचं ठरवलं. वीस फ्लॅट, शहात्तर माणसं. आमचं नशीब असं की १९९८च्या इमारतीत संडासाचा पाइप वेगळा आणि बाथरूमचा वेगळा होता. नव्या इमारतींत बऱ्याचदा दोन्ही एकाच पाइपात सोडतात, तिथं हे काम फार अवघड. स्वयंपाकघराची मोरी तिसऱ्याच बाजूला. ती आम्ही घेतलीच नाही, कारण तेल, खरकटं आणि भांड्याचा साबण साफ करणं छोट्या सोसायटीच्या आवाक्यातलं नाही. घ्यायचं ते अंघोळीचं, वॉशबेसिनचं आणि वॉशिंग मशिनचं.

पण पाइप वेगळे आहेत हे नकाशा सांगत होता, आणि चोवीस वर्षांत वीस घरांनी बाथरूम फोडून बांधली होती. खात्री कशी करायची? प्लंबरदादा म्हणाले, रंग टाकू. मार्चमध्ये रंगपंचमी झाली होती. घराघरांत उरलेला गुलाबी रंग गोळा केला. मी आणि एक कॉलेजचा मुलगा मागच्या बाजूला बाथरूमच्या चेंबरवर झाकण उघडून बसलो; दादा वर एकेका घरात जाऊन कमोडमध्ये रंग टाकून फ्लश करायचे आणि फोनवर सांगायचे, “सोडला.” मग आम्ही पाच मिनिटं चेंबरात बघत राहायचो. बाथरूमच्या चेंबरात रंग आला नाही पाहिजे. पहिल्या दिवशी नऊ घरं झाली, काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सात, काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या एका घरातून फोन आला, आणि दोन मिनिटांनी चेंबरच्या डाव्या तोंडातून साबणाच्या राखाडी पाण्यात एक गुलाबी रेघ आली. बारीक, सुतासारखी, मग रुंद. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

त्या घरात आजारी वडिलांसाठी बाथरूममध्येच कमोड बसवला होता आणि गवंड्यानं तो जवळच्या पाइपात सोडला होता. त्या कुटुंबाला त्याची कल्पनाही नव्हती. वडील आता नाहीत. त्या घरातल्या ताईंनी स्वतः सांगितलं, कमोड काढून टाका. काढताना त्या बाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. हा एक सांधा सापडला नसता तर संडासाचं पाणी आम्ही पुन्हा वर चढवलं असतं. त्या तीन दिवसांपेक्षा मोलाचं काम मी सेक्रेटरी म्हणून केलेलं नाही.

पाणी साफ करायची पद्धत साधी निवडली, कारण मोठ्या यंत्रांचं काय होतं ते आसपासच्या दोन सोसायट्यांत पाहिलं होतं : वर्षभर चालतात, मग ब्लोअर जळतो, मग कुलूप. आमच्याकडे आधी केस अडवायची जाळी, मग दोन कप्प्यांची निवळण टाकी. कात्रजच्या तलावात नानासाहेब पेशव्यांच्या काळी हेच केलं होतं. वरच्या तळ्यात गाळ बसायचा, निवळ खालच्या तळ्यात यायचं आणि तिथून जमिनीखालच्या नळानं शहरातल्या हौदांत. त्या वाटेवर आमची वस्ती आहे, म्हणून मला ह्याचं अप्रूप. निवळल्यावर पाणी मागच्या भिंतीलगतच्या वाफ्यात जातं : वीस मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन फूट खोल, आत खडी आणि वर कर्दळ. पाणी खडीच्या आतूनच चालतं, वर दिसत नाही, म्हणून डास नाहीत. शेवटी वाळूचं फिल्टर, क्लोरीनचा ठिबक, आणि पंपानं गच्चीवरच्या वेगळ्या टाकीत. ती टाकी हिरवी, तिचे पाइपही हिरवे रंगवले आणि प्रत्येक मजल्यावर डक्टमध्ये लिहिलं : ‘हे पाणी फक्त फ्लशसाठी’.

वाफा पहिल्या पाच महिन्यांत तुंबला. पाणी एका टोकाला सोडून वीस मीटर चालवायचं असं आम्ही केलं होतं, त्यामुळे सगळी घाण पहिल्या मीटरभरात अडकली. तिथली खडी काढली तर काळी, साबणाच्या सायीनं लिंपलेली, आणि वास असा की शेजारच्या बंगल्यातून तक्रार आली. मग वाफ्याचे आडव्या भिंती घालून तीन भाग केले आणि तिन्हींना वेगळं पाणी दिलं. एक भाग आलटून पालटून आठवडाभर बंद ठेवतो, तो सुकतो, साय मरते. तेव्हापासून वास नाही. पाणी साठवून ठेवायचं नाही हेही तेव्हाच कळलं. अंघोळीचं पाणी चोवीस तासांच्या वर टाकीत राहिलं की ते नासतं, सांडपाणीच होतं. उरलं तर झाडांना सोडायचं, नाहीतर गटारात.

दिवाळीचा धडा वेगळा. नरकचतुर्दशीच्या पहाटे वीस घरांत अभ्यंगस्नान, तीळतेल आणि उटणं. सकाळी आठला निवळण टाकीवर पिवळसर तवंग आणि त्यात उटण्याचा लगदा. तेल खडीत गेलं तर तो भाग कामातून जातो. आता दिवाळीचे चार दिवस बाथरूमचं पाणी सरळ ड्रेनेजला आणि फ्लशला साधं पाणी. तो व्हॉल्व्ह फिरवायचं वॉचमनकाका वसुबारसेलाच लक्षात ठेवतात. साधं पाणी हिरव्या टाकीत पडतं तेही वरून, वीतभर अंतरावरून; दोन टाक्यांचे पाइप एकमेकांना कुठंच जोडलेले नाहीत. हे अंतर कुणालाही, कितीही सोयीचं वाटलं तरी, पाइपानं भरू देऊ नये.

आणि अशी सोय लोक करतातच. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम ह्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण निघायला लागले, पाण्याचा संशय घेतला जाऊ लागला, आणि आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला : ते हिरवं पाणी बंद करा. मी वाद घातला नाही, त्याच संध्याकाळी बंद केलं. लहान मुलं असलेल्या घरात भीती वाटणारच. तीन आठवडे बंद होतं. त्या काळात पुन्हा रंग टाकला, ह्या वेळी हिरव्या टाकीत, आणि घरोघरी जाऊन प्रत्येक नळ, शॉवर, जेट सोडून पाहिला. वीस घरांपैकी एका घरात जेट स्प्रेमधून गुलाबी पाणी आलं. त्यांनी महिन्यापूर्वी बाथरूम नवं केलं होतं आणि बाहेरच्या प्लंबरनं फ्लश टाकीला पाणी देणाऱ्या नळालाच, अँगल कॉकला, जेट जोडला होता, सगळीकडे जोडतात तसाच. कुणाला काही त्रास झाला नव्हता, क्लोरीनही होतं, पण मला ती रात्र झोप लागली नाही. काम सुरू करताना आम्ही चाळीस संडासांतले जेट वेगळे केले होते. नवीन प्लंबर येईल ह्याचा विचार केला नव्हता.

त्यानंतर नियम झाला : ब विंगमध्ये बाथरूमचं काम निघालं तर आधी ऑफिसात नोंद, काम झाल्यावर रंगाची चाचणी, मगच पाणी चालू. फ्लशच्या लाइनीला आता जेटचे नळ बसणारच नाहीत अशा वेगळ्या मापाची जोडणी आहे. क्लोरीन रोज ओटी किटनं बघतो. नळीत दोन थेंब टाकले की पिवळा रंग आला पाहिजे. नोंद वहीत, खाली सही. ही वही मी बँकेच्या कॅशबुकासारखी सांभाळते.

खर्च साडेसहा लाख झाला, तोही ब विंगच्या वीस घरांनी उचलला. मोजायचं ते पुन्हा बांबूनं मोजलं. टाकी रोज दीडशे सेंटिमीटर उतरायची, ती आता एकशे अठ्ठावीस उतरते. तेहेतीसशे लिटर पिण्याचं पाणी रोज वाचतं. २०१९च्या मेमध्ये दिवसाला दोन टँकर होते. गेल्या मेमध्ये आठवड्याला तीन आले. ह्यात बोअरचा वाटा आहे, गळके नळ बदलले त्याचाही आहे. किती कशामुळे हे मी वेगळं काढू शकत नाही.

जाळी रोज सकाळी साफ करावी लागते. एक दिवस चुकला तर तुंबते. वीस घरांचे केस, साबणाची वडी संपताना उरते तसली पापडी, कुणाच्या लुगड्याचे धागे, कधी मुलांच्या आंघोळीतलं प्लास्टिकचं बदक. पहिलं वर्ष हे काम सफाईला येणाऱ्या मावशींवर टाकलं होतं. पैसे वाढवून दिले होते, तरी मला ते बरं वाटत नव्हतं. आपल्या घरचे केस दुसऱ्यानं का उचलायचे? आता पाळी आहे. घरटी एक दिवस, हातमोजे आणि चिमटा ऑफिसात ठेवलेले. तळमजल्यावरच्या आजींचं वय ब्याऐंशी. त्यांना पाळीतून वगळलं होतं, त्यांनी नाव परत घालून घेतलं. त्या म्हणाल्या, “अगं, मोरी साफ करण्यात कसली लाज? मी जन्मभर केलीय.” त्यांनीच राजापूरहून अळवाचे कंद आणून कर्दळीच्या मध्ये लावलेत. पानं खायची नाहीत असं ठरलंय, त्याचं त्यांना जरा वाईट वाटतं. पण पानं केवढी झालीत बघ, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

अ विंगनं ह्या फेब्रुवारीच्या सभेत ठराव केला. त्यांच्याकडे दोन घरांत बाथरूमं एकत्र केलेली आहेत, आणि एका घराचा नकाशाच सापडत नाही. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं की उरलेला रंग कुणी फेकू नका. संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या टेबलावर चार डबे आले, त्यांतला गुलाबी वेगळा काढून ठेवलाय. रविवारी सकाळी सातला चेंबर उघडायचं आहे.